क्लॉडियसचे स्वतःचे शब्द

संपादक महोदय,

रोमचा सम्राट क्लॉडियस याच्या जीवनावरील एक कादंबरी मी नुकतीच वाचली. अडखळत बोलणारा, लंगडत चालणारा, सख्ख्या आईनेही अर्धवट ठरवलेला हा माणूस इ.स. ४१ मध्ये आधीचा सम्राट कॅलिग्युला याच्या खुनानंतर राजवाड्यात पडद्याआड दडलेला सापडतो आणि रक्षकदलाचे सैनिक त्यालाच सम्राट म्हणून घोषित करतात, हा प्रसंग कोणत्याही कादंबरीकाराला मोह पाडील असाच आहे, आणि या लेखकाने तो फार समर्थपणे उभा केला आहे. माझी तक्रार त्याच्या कल्पनाशक्तीविषयी नाही. कल्पना कुठे संपते आणि इतिहासाची साधने कुठे सुरू होतात, हे पुस्तकात कोठेही सांगितलेले नाही, याविषयी आहे.

ही साधने मुळातच अवघड आहेत. ज्यांमुळे तो मेला असे म्हणतात ती विषारी अळंबी, पत्नींची कारस्थाने, मुक्त केलेल्या गुलामांच्या हाती गेलेला कारभार हे सारे आपल्यापर्यंत येते ते मुख्यतः टॅसिटस आणि स्वेटोनियस या रोमन लेखकांकडून. आणि दोघांनीही लिहिले ते क्लॉडियस इ.स. ५४ मध्ये मरण पावल्यानंतर सहा दशके उलटल्यावर. क्लॉडियस स्वतः इतिहासकार होता. रोमच्या उत्तरेकडील प्राचीन एट्रुस्कन लोकांवर वीस आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या नगरराज्यावर आठ खंड त्याने ग्रीक भाषेत लिहिले, पण त्यांतले काहीच उरले नाही.

पण त्याचे एक भाषण उरले आहे. गॉलमधील, म्हणजे मुख्यतः आजच्या फ्रान्समधील, प्रतिष्ठितांना सीनेटमध्ये प्रवेश द्यावा, असे त्याने इ.स. ४८ मध्ये मांडले. ते भाषण कोरलेला कांस्यपट १५२८ साली लिआँ येथे, म्हणजे त्याच्या जन्मगावीच, सापडला. टॅसिटसनेही हे भाषण दिले आहे, पण ते घासूनपुसून, नेटके करून. पटावरचा क्लॉडियस मात्र रोमच्या जुन्या राजांच्या वंशकथेत शिरतो, सर्व्हियस टुलियसचे एट्रुस्कन नाव मास्टार्ना होते हे सांगण्यासाठी थांबतो, आणि मग, आपले भाषण कोठे निघाले आहे हे आता सभासदांना सांगण्याची वेळ झाली, असे वाक्य येते. ते वाचताना मला गलबलून आले. कादंबरीच्या चारशे पानांत जो माणूस मला शोधावा लागला, तो येथे दोन-तीन ओळींत समोर उभा राहिला: विद्वान, लांबण लावणारा आणि तरीही आपल्या म्हणण्यावर ठाम.

आजारी गुलामांना टायबर नदीतील बेटावर टाकून देणाऱ्या मालकांचा त्यांच्यावरील हक्क त्याने काढून घेतला, ही स्वेटोनियसने दिलेली नोंदही कादंबरीत नाही. विषप्रयोगाला मात्र तीन प्रकरणे आहेत.

अशा कादंबऱ्या काढणाऱ्या प्रकाशकांना माझी विनंती आहे की, शेवटी चार पाने साधनांसाठी राखावीत, कोणता प्रसंग कोणाच्या आधारे घेतला आणि कोणता रचला हे लेखकाकडून लिहून घ्यावे, आणि क्लॉडियसच्या बाबतीत तरी त्या कांस्यपटाचा मराठी अनुवाद जोडावा.

आपल्या पत्राची एक नियमित वाचक