थंडाव्याचं संशोधन: आधी आमच्या पॅनलचं दार उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले तरुण प्राध्यापक हिंगणघाटला माझ्या दुकानात आले. हातात चाळीसेक पानांचा प्रस्ताव होता. विषय, इलेक्ट्रॉनिक उपकरणं थंड ठेवण्याच्या सुधारित पद्धती. तीन वर्षांचा प्रकल्प, सरकारी अनुदानासाठी अर्ज आणि त्याला जोडायला ‘उद्योगा’चं एक पाठिंब्याचं पत्र हवं होतं. आता मी कसला उद्योग! दहा बाय बाराचं दुकान. जिनिंग-प्रेसिंगमधले (कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या मिलमधले) ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रं, बिघडले की त्यांची कार्डं (आतले सर्किट बोर्ड) माझ्याकडे येतात. १९९१ला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला, १९९६पासून हेच करते आहे. पण दुकानाचं लेटरहेड आहे, शिक्का आहे. तेवढं पुरतं म्हणाले.

प्रस्ताव ठेवून घेतला, रात्री वाचला आणि दुसऱ्या दिवशी सही न करता परत दिला. का परत दिला हे सांगण्यात दोन तास गेले. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत, रागावले नाहीत. डेटा सेंटर आणि एआयच्या गाजावाजात असे प्रस्ताव ठिकठिकाणी लिहिले जात असणार, म्हणून तेच आपल्या वाचकांपुढेही ठेवते.

प्रस्तावाच्या सहाव्या पानावर एक ओळ होती : ‘येणाऱ्या हवेचं तापमान २५ अंश धरलं आहे.’ मी तिच्याभोवती लाल पेनानं गोल केला. पंचवीस अंश आमच्याकडे डिसेंबरात सकाळी दहा-साडेदहाला असतात. बाजारातले बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच्या हवेत पूर्ण ताकदीनं चालतील असे बनवलेले असतात. त्यापुढे कंपनीचं पुस्तकच सांगतं की भार कमी करा. आणि मागच्या एप्रिलात टिनाच्या शेडमधल्या एका बंद पॅनलमध्ये, म्हणजे ड्राइव्ह बसवलेल्या लोखंडी कपाटात, मी थर्मामीटर ठेवला, तर दुपारी तीन वाजता ६१ अंश निघाले. पुस्तकातली ४० अंशांची हवा ती हीच.

हिशोब साधा आहे. ५० हॉर्सपॉवरचा ड्राइव्ह आत घेतलेल्या विजेतली साधारण तीन टक्के उष्णता म्हणून बाहेर टाकतो. म्हणजे जवळजवळ एक किलोवॅट. लोखंडी कपाटात कपड्यांची इस्त्री दिवसरात्र चालू ठेवल्यासारखं समजा. ती उष्णता हवेनं बाहेर न्यायची आणि हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही म्हटलं, तर सेकंदाला ८० लिटरच्या वर हवा पॅनलमधून गेली पाहिजे. तेवढी हवा ओढायला हरकत नाही. पण जिनिंगमध्ये नुसती हवा नसते.

ज्यांनी जिनिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कापसातून सरकी वेगळी होताना बारीक रुई उडत असते. भिंतीवर, वायरीवर, माणसांच्या भुवयांवर सगळीकडे पांढरा थर. ती पंख्याच्या जाळीतून आत जाते आणि हीटसिंकच्या (उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) फिनांमध्ये, म्हणजे पातळ पात्यांमध्ये, अडकते. धूळ बसते तशी ती बसत नाही, एकमेकींत गुंतते. पंधरा दिवसांत फिनांच्या मधोमध नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. तो मी चिमट्यानं ओढते तेव्हा पट्टीसारखा अखंड निघतो. हीटसिंकला थंडीत पांघरायची गोधडीच म्हणा ना.

आता गंमत ऐका. पॅनल धुळीपासून सुरक्षित आहे, असा ‘आयपी ५४’ वगैरे शिक्का ज्या चाचणीनं मिळतो, तिच्यात टाल्कम पावडर वापरतात. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली. टाल्कम गुंतत नाही, झटकली की जाते. म्हणजे परीक्षा पावडरची आणि संसार रुईशी. प्राध्यापकांच्या प्रस्तावात तर धुळीचा शब्दच नव्हता. संगणकावर हवेचा प्रवाह काढणार, सर्वांत कार्यक्षम हीटसिंक शोधणार, असं होतं. तो मिळेलही. फिन जितके पातळ आणि जवळजवळ, तितका पृष्ठभाग जास्त, तितका थंडावा जास्त. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी. आमच्याकडे तोच हीटसिंक आठव्या दिवशी सर्वांत आधी बुजेल. माझं म्हणणं एवढंच होतं की प्रश्न बदला. पहिल्या दिवशी सर्वांत गार कोण, हे शोधू नका. न पुसता तीस दिवस चालल्यावर ज्याचं सर्वांत कमी नुकसान झालं तो कोण, हे शोधा. मग कदाचित रुंद अंतराचे, उभे, बिनपंख्याचे फिनच पहिले येतील. आणि तसं झालं तर शोधनिबंधाला ते फार साधं वाटेल, ही त्यांची अडचण मला कळते.

पंखा हा आणखी एक विषय. माझ्याकडे १९९६पासूनच्या सात वह्या आहेत. कुठलं कार्ड, कुठल्या तारखेला आलं, शेडच्या कुठल्या कोपऱ्यातलं, काय जळालं होतं. त्या वह्या चाळल्या तर क्रम बहुतेक तोच दिसतो : आधी पंखा अडतो, मग कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) फुगतो, आणि तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर शेवटी पॉवर मॉड्यूल (मोटरला वीज पुरवणारा मुख्य भाग) उडतं. पंखा काहीशे रुपयांचा, मॉड्यूल हजारोंचं. कपॅसिटरचं गणित तर कुणालाही करता येईल. त्याच्यावर ‘१०५ अंश, २००० तास’ असं छापलेलं असतं. ढोबळ नियम असा की तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ६५ अंशांवर ३२,००० तास. जिनिंगचा हंगाम पाच महिने, दिवसरात्र धरला तर ३,६०० तास. म्हणजे जवळजवळ नऊ हंगाम. ७५ अंशांवर साडेचारसुद्धा नाहीत. ८५वर दोन हंगाम कसेबसे. मिलचा मेकॅनिक मात्र मला फोन करून सांगतो, “ताई, कार्ड या वर्षी खराब निघालं जी.” कार्ड खराब निघत नाही, ते शिजतं.

आणि हंगामाचं वेळापत्रकही आता पूर्वीचं राहिलं नाही. आधी दसऱ्याला सुरू होऊन मार्चपर्यंत कापूस संपायचा. रुईचा त्रास हिवाळ्यात, उन्हाचा त्रास मिल बंद असताना. २०२१-२२च्या हंगामात कापूस दहा हजारांवर गेला आणि पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. पण त्यामुळे जिनिंग मे महिन्यापर्यंत रेंगाळलं आणि उडती रुई व पंचेचाळीस अंश एकाच पॅनलमध्ये भेटले. त्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नव्हती, नुसती कार्डं. बाजारभावामुळे कपॅसिटर फुगतो हे कुठल्या पुस्तकात असेल? पण थंडाव्याच्या संशोधनाची आखणी करणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे. तीन वर्षांच्या प्रकल्पात हंगाम तीनच येतात. पहिलं वर्ष खरेदीच्या निविदांत गेलं तर उरले दोन.

बरं, मिलवाले काय करतात? पॅनलचं दार उघडतात आणि समोर टेबलफॅन लावतात. चार दिवस बरं वाटतं, मग आगीतून फुफाट्यात. कुणी कंप्रेसरची हवा मारतात. त्या हवेत तेल आणि पाणी असतं, शिवाय पंखा उलटसुलट गरगर फिरून त्याचं बेअरिंग जातं. एका ठिकाणी तर सरळ घरचा कूलर पॅनलकडे तोंड करून ठेवला होता. कार्डावर तांब्याच्या रेषा हिरव्या झालेल्या आणि त्यावर खाऱ्या पाण्याची पांढरी पूड.

त्या कूलरवाल्याला मी तेव्हा खूप बोलले. पण नंतर वाटलं, कल्पना त्याची चूक नव्हती, मांडणी चूक होती. मे महिन्यात आमच्याकडे हवा ४५ अंशांची, पण आर्द्रता पंधरा टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाण्याची वाफ होऊन हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, २४च्या आसपास येतं. वीस अंशांचा फरक फुकट मिळतोय. फक्त ती ओली हवा कार्डाला शिवता कामा नये. मधे पातळ पत्र्याचे पडदे, एका बाजूला कूलरची ओली हवा, दुसऱ्या बाजूला बंद पॅनलमधली तीच ती कोरडी हवा फिरते आहे. रुई आत येणार नाही, ओल आत जाणार नाही, आणि रुईला आग लागण्याची भीतीही कमी. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही असा आक्षेप घेतात. पावसाळ्यात जिनिंगच बंद असतं! पाण्याचा हिशोब मात्र आधी मांडावा. एक किलोवॅट उष्णता घालवायला तासाला दीड लिटर पाणी वाफ होतं. आमच्या पॅनलला दिवसाला ३६ लिटर, म्हणजे दोन-अडीच बादल्या. हाच हिशोब एक मेगावॅटच्या डेटा सेंटरला लावला तर रोज ३६,००० लिटर. दहा हजारांचे साडेतीन टँकर. म्हणून एकच उपाय सगळ्यांना लावू नये.

डेटा सेंटरबद्दल मला आकस नाही. ऐरोली-महापेला ती उभी राहिली आहेत, त्यांच्या नव्या कपाटांमध्ये एकेका रॅकला शंभर किलोवॅटच्या वर उष्णता निघते, तिथे हवा पुरणार नाही हे उघड आहे. पाणी तेवढ्याच आकारमानात हवेच्या तीन-साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. चिपमध्येच केसासारख्या नाल्या कोरून त्यातून पाणी खेळवण्याचा प्रयोग स्टॅनफर्डला १९८१ मध्येच झाला होता, एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट काढले होते. चांगलं काम आहे. पण त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या आहेत, पैसा आहे. अनुदानाच्या पैशानं त्यांच्याच पाच पावलं मागे धावण्यात काय हशील?

प्रस्तावात दोन गोष्टी तर केवळ फॅशन म्हणून आल्या होत्या. एक नॅनोफ्लुइड, म्हणजे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव. प्राध्यापकांनी स्वतःच मान्य केलं की २००९ मध्ये तीसहून अधिक प्रयोगशाळांनी एकसारखे नमुने वाटून घेऊन मोजले, तेव्हा जुन्या सूत्रांनी सांगितलं त्याहून वेगळं काही निघालं नाही. मग प्रस्तावात का? “तो शब्द असला की बरं पडतं,” म्हणाले. दुसरी, उपकरणं फ्लोरिनयुक्त द्रवात बुडवून ठेवणं. क्रे-२ हा महासंगणक १९८५ मध्ये असाच बुडवलेला होता, त्यामुळे कल्पना जुनी आणि सिद्ध. पण असा द्रव बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केलं होतं की २०२५अखेर अशा रसायनांचं उत्पादन थांबवणार. ज्याचं दुकान बंद करायचं केव्हाच ठरलं त्या द्रवावर तीन वर्षांची आखणी!

बुडवायचंच असेल तर मी त्यांना खिडकीतून बाहेरची डीपी दाखवली. शेतात, चौकात, सगळीकडे उभा असलेला ट्रान्सफॉर्मर म्हणजे तेलात बुडवून थंड ठेवलेलं विजेचं उपकरणच आहे, आणि उन्हात बिनपंख्याचा वर्षानुवर्षं उभा आहे. आता वनस्पती तेलापासून केलेली एस्टर तेलंही ट्रान्सफॉर्मरमध्ये भरतात; ती ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय पेट घेत नाहीत, खनिज तेल त्याच्या निम्म्यावरच धोक्यात येतं. सोयाबीनपासूनही ती होतात. सोयाबीन आमच्याच जिल्ह्यात ढिगानं पिकतं. ड्राइव्हचं पॉवर कार्ड अशा तेलाच्या सीलबंद डब्यात ठेवलं तर? तेल हवेनं खराब होतं, कपॅसिटरच्या रबरी बुडाला ते मानवेल की नाही ठाऊक नाही, आणि तेलातून काढलेलं कार्ड मला दुरुस्त करावं लागेल तेव्हा माझ्या हातांचं काय होईल तो वेगळाच प्रश्न. पण हे सगळे प्रश्न इथे, आपल्या पैशात, तपासण्यासारखे आहेत.

मग मी त्यांच्या प्रस्तावाच्या कोऱ्या मागच्या पानावर माझी आखणी लिहून दिली. पहिलं वर्ष काही बनवूच नका. दहा पॅनल निवडा, प्रत्येकात चार-चार ठिकाणी तापमान मोजणाऱ्या तारा आणि नोंद ठेवणारं यंत्र बसवा, दसऱ्यापासून मेपर्यंत. दर आठवड्याला फिनांतली रुई काढून काट्यावर तोला, हो, ग्रॅममध्ये. दुसऱ्या हंगामात शेजारशेजारचे दोन सारखे ड्राइव्ह घ्या, एकाला नवा थंडावा, एकाला जुना. अर्ध्या हंगामात अदलाबदल करा, नाहीतर कोपऱ्याचाच दोष यंत्राला लागेल. जे फसलं तेही छापा. आणि जो मजूर ते पुसणार आहे, त्याच्या हातात ब्रश देऊन बघा, त्याला ते पाच मिनिटांत जमतं का. शेतोशेती सौर पंपांचे कंट्रोलर सौर पॅनलखाली लटकलेले आहेत, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

ते पान घेऊन ते गेले. अनुदान देणाऱ्या समितीला पहिल्या वर्षी ‘काहीच न बनवणं’ पटेल का, अशी शंका त्यांनी जाताना बोलून दाखवली. समितीत बसणाऱ्यांपैकी कुणी हे पत्र वाचत असतील तर त्यांनी एकदा एप्रिलात दुपारी तीन वाजता इकडे यावं, पॅनलचं दार मी उघडून दाखवीन.

माझ्या सातही वह्या अशा कामासाठी कुणालाही बघायला मिळतील. दिवाळीनंतर हंगामाची गर्दी असते, तेव्हा संध्याकाळी सातनंतर यावं. वह्या दुकानाबाहेर देत नाही. फोटो काढून न्यावेत. अक्षर १९९८पर्यंत बरं आहे, पुढचं मला विचारावं लागेल.

आपली,
कार्ड दुरुस्त करणारी एक वाचक
हिंगणघाट, जि. वर्धा