जाळलेल्या तासांचा हिशेब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. चार महिन्यांत तापवलेल्या पेनने लाकूड जाळून काढलेली २१ चित्रे गिऱ्हाइकांच्या हाती दिलीस, सगळ्यांनी ती वाखाणली, आणि तरीही वहीत शिल्लक काही दिसत नाही. तेव्हा किंमत वाढवावी की कामाचा वेग, असे तू विचारले आहेस. वेगाचे आधी सांगतो, कारण तो फारसा वाढत नाही.

लाकूड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू लागले की त्यातील घटकांचे विघटन होऊन रंग गडद होत जातो. फिकट बदामी छटा हवी असेल तर पेन मंद आचेवर ठेवून त्याच जागेवरून हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवण्यावाचून गत्यंतर नसते. घाईने आच वाढवली की रेषेच्या दोन्ही बाजूंना करपट कड उमटते. ती खोडता येत नाही, आणि पात्याने खरवडावी तर तंतू विस्कटून पुढची छटा तिथे डागासारखी बसते. मीही एके काळी आच वाढवून तास वाचवायला गेलो होतो. त्या दिवसांतल्या दोन फळ्या अजून कपाटामागे उलट्या ठेवलेल्या आहेत.

म्हणून प्रश्न किमतीचाच उरतो, आणि तिथे तुझी चूक तीच आहे जी मी पहिले वर्षभर करत होतो: तू फक्त पेन हातात असलेले तास मोजतोस. एका कुत्र्याच्या चित्राच्या वेळी मी हट्टाने प्रत्येक मिनिट टिपून ठेवले. जाळण्याचे काम ११ तासांचे झाले. फळी २२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने घासणे, ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू पुन्हा घासणे, ग्रॅफाइट कागदाने (कार्बन कागदासारखाच तो) रेखाटन उतरवणे, वॉर्निशचे थर, छायाचित्रे, बांधणी, आणि गिऱ्हाइकाच्या ‘कान जरा लांब करता येतील का’ अशा निरोपांना दिलेली उत्तरे, हे सगळे मिळून आणखी नऊ तास निघाले. म्हणजे जवळजवळ निम्मे काम मी फुकट करत होतो आणि उरलेल्या निम्म्यावर खूश होतो.

आता मी एका तासाची मजुरी ठरवून तिला सगळ्या तासांनी गुणतो, त्यात लाकूड, वॉर्निश, खोके आणि पेनच्या झिजणाऱ्या टोकांचा वाटा मिळवतो, आणि प्रदर्शनाचे भाडे त्या वर्षात विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर विभागून टाकतो. कित्येक दुकाने विक्रीच्या किमतीतला निम्म्यापर्यंत वाटा ठेवून घेतात, हेही आधीच धरावे लागते. दुकानात एक आणि घरी दुसरी किंमत ठेवलीस तर दुकानदार पुन्हा तुझा माल ठेवणार नाही. वेळ वाचतो तो छोट्या वस्तूंत. किल्ल्यांच्या अडकवण्या तीस एकदम घासाव्यात, तीसवर एकदम रेखाटन उतरवावे आणि मगच पेन तापवावे. मोठ्या चित्रात ही सोय नाही.

लाकडाच्या बाबतीत मात्र तू काटकसर करू नयेस असे मला वाटते. पाइन स्वस्त पडते खरे, पण त्याच्या वाढीची वलये आलटून पालटून मऊ आणि कठीण असतात, त्यामुळे टोक कुठे रुतते, कुठे घसरते आणि मधूनच राळ उकळते. फळीत वाचलेले पैसे तासांत जातात. लिंडेन, ज्याला बासवुडही म्हणतात, मऊ, फिकट आणि एकसारख्या पोताचे असते. एमडीएफवर (लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेल्या फळीवर), प्लायवुडवर, किंवा रंग अथवा पॉलिश लावलेल्या जुन्या फळीवर जाळण्याची ऑर्डर कितीही मोठी असली तरी नाकार, कारण तिथे लाकडाबरोबर डिंक आणि रसायनेही जळतात. पंखा धूर चेहऱ्यापासून ओढून नेईल असा ठेव. टोकावर वारा आला तर ते थंड पडते आणि छटा तुटतात. घासताना मुखपट्टी कधीच काढू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुकटीची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. मुखपट्ट्यांचा खर्चही किमतीतच धरायचा.

एक घाव अजून आठवतो. एका गिऱ्हाइकाने माझे चित्र थेट उन्हाच्या भिंतीवर टांगले आणि दोन वर्षांत त्यातल्या सगळ्या फिकट छटा उडून गेल्या. दोष माझा, कारण मी काही सांगितलेच नव्हते. चित्र पुन्हा विनामोबदला करून दिले आणि त्यात १४ तास गेले. तेव्हापासून प्रत्येक चित्रामागे उन्हापासून दूर ठेवण्याची सूचना चिकटवतो. अतिनील किरण अडवणारे वॉर्निश छटांचे उडणे लांबवते, थांबवत नाही, हेही त्यात लिहितो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवत असशील तर आजच ती बाहेर पसरून वाळव. ती आपोआप तापून पेट घेतात, आणि आपल्या धंद्यात आग फक्त टोकावर असावी.

यापुढे अर्धी रक्कम आगाऊ घे आणि रेखाटन गिऱ्हाइकाला दाखवून होकार मिळाल्यावरच जाळायला सुरुवात कर. लांब कानांची चर्चा पेन्सिलीच्या टप्प्यावरच मिटते. ज्यावरून चित्र करायचे ते छायाचित्र कोणी काढले हेही विचारत जा. व्यावसायिक छायाचित्रकाराचे असेल तर त्याची परवानगी लागते, आणि गिऱ्हाईक ते आपणहून सांगत नाही.

पुढच्या पत्रासोबत त्या २१ पैकी कोणत्याही पाच कामांचे तास, आठवतील तसे, घासण्यापासून बांधणीपर्यंतचे लिहून पाठव. आकडे पाहून तुला राग येईल. तो उतरला की आपण दोघे मिळून किंमत लावू.

तुझा,
जुना मित्र