तक्रार निकाली निघाली, रंग निघाला नाही

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. आमच्या नाल्यातलं पाणी एका कार्यालयात विचारलं की 'औद्योगिक' असतं, दुसऱ्यात विचारलं की 'हद्दीबाहेरचं' असतं आणि तिसऱ्यात साहेब मीटिंगला गेलेले असतात. तेव्हा हे पाणी ज्यांच्या खात्यात बसत असेल, त्यांनी हे पत्र आपलंच समजून वाचावं.

डाइंगवाले, म्हणजे सूत रंगवणारे कारखाने, रंगाचं पाणी नाल्यात सोडतात, अशी माझी तक्रार होती. मंगळवारी सकाळी मोबाइलवर मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' खाली विचारलं होतं, समाधानी आहात का. त्याच सकाळी बायकोने नातीचा शनिवारचा पांढरा गणवेश बोअरच्या पाण्यात भिजवला होता. बादलीतून निघाला तो फिकट गुलाबी. पोर रडायला लागली. मी मात्र तो शर्ट उन्हात धरून बघत बसलो. ३१ वर्षं डाइंगमध्ये रंगमास्तर होतो, सवय जात नाही. मरून टॉवेलच्या तिसऱ्या धुण्याला जे पाणी निघतं ना, तीच शेड. एकसारखी लागली होती, कुठे पट्टा नाही, डाग नाही. माझ्या हाताखालच्या पोराने एवढं स्वच्छ काम केलं असतं तर चहा पाजला असता.

गेल्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत आपण सोलापूरला आला होता. सिद्धेश्वरांचं दर्शन झाल्यावर आमच्याकडच्या नाल्याच्या पुलावर पाच मिनिटं थांबलात. नाकाला रुमाल होता, म्हणून पहिलं वाक्य नीट ऐकू आलं नाही. पुढचं आलं. तीन महिन्यांत रात्रीची तपासणी सुरू होईल, पूर्व भागातल्या बोअरचं पाणी घरोघर तपासलं जाईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. मग एप्रिल गेला, दिवाळी गेली, दुसरा गड्डा गेला. एकदा दोन माणसं आली होती. नाल्याचा फोटो काढला आणि पत्ता विचारून शेंगा चटणी घ्यायला गेली.

माझ्या खिडकीत अकरा बाटल्या आहेत. नाल्याचं पाणी, प्रत्येकीवर तारीख आणि वेळ. मोरपंखी, जांभळी, एक तर अगदी काळी. मला कुणी सांगावं लागत नाही. बाटली बघितली की आज कुठली ऑर्डर चालू आहे ते कळतं. वेळा बघा फक्त. पहाटे तीन, साडेतीन, पावणेचार. दुपारची एकही नाही, कारण दुपारी नाला शहाण्यासारखा वाहतो.

हे मला कसं माहीत? कारण तो व्हॉल्व्ह मी उघडलेला आहे. दिवसभर रंगाच्या हौदाचं पाणी टाकीत साठवायचं आणि पहाटे सोडायचं. मालक सांगायचे, मी सोडायचो. नमुना घ्यायला साहेब येणार हे दोन दिवस आधी कळायचं. मग त्या दिवशी आकाशी आणि क्रीम अशा फिकट शेड लावायच्या, कॉस्टिक सोड्याचं काम पुढे ढकलायचं. नमुना पास. तुमच्या फायलीतलं सोलापूर कायम क्रीम रंगाचं असणार, त्याचं कारण हे आहे.

आता थोडं मीठ. सुताला रिअॅक्टिव्ह रंग चढवायचा तर मीठ लागतं. गडद शेड असेल तर किलोभर सुतामागे अर्धा किलो, कधी त्याहून जास्त. मीठ रंगाला सुताकडे ढकलतं, पण स्वतः सुतात राहत नाही. सगळंच्या सगळं पाण्याबरोबर बाहेर. शंभर ग्रॅम रंगातला सत्तर-ऐंशी ग्रॅम सुताला लागतो, उरलेलाही बाहेर. साध्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाने घाण कमी होते, मीठ नाही. ते जमिनीत जातं आणि तिथून माझ्या बोअरला येतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं तीनशे रुपयांचं टीडीएस मशीन आणलंय मी. काटा २९०० दाखवतो, लिटरमागे मिलिग्रॅम. शंभर-दोनशे इकडेतिकडे धरा, स्वस्तातलं आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५००, दुसरा काहीच पर्याय नसेल तर २०००. आम्ही दुसऱ्या पर्यायाच्याही पलीकडचे.

'बोअरचं पिता कशाला, नळाचं प्या' असं एक साहेब म्हणाले. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, साहेब. एक किलो कापडाच्या धुलाई-रंगाईला शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं, म्हणजे टनाला लाख लिटर. आमच्या गावात टॉवेलला रोज अंघोळ आहे, माणसाला नाही. आणि नळाचं म्हणजे तरी कुठलं? पुणे आणि पिंपरी-चिंचवडने टाकलेलं मुळा-मुठेतून, पवनेतून, भीमेतून खाली येतं ते ११७ टीएमसीच्या उजनी धरणात. वरच्यांचं उष्टं आम्ही प्यायचं, आमचं उष्टं खालच्या गावांनी.

माझ्याविषयी लिहायचं नव्हतं, पण लिहितो. कलर किचनमध्ये पावडर तोलायचं काम माझ्याकडे होतं. तोंडाला रुमाल, तोही घरचा. सातव्या-आठव्या वर्षी दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, रंगाच्या पावडरीचा दमा. आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसतो. नात विचारते, "तातय्या, थकलास?" मी सांगतो, पायऱ्या मोजतोय. बोटांच्या भेगा कॉस्टिकच्या आहेत, हिवाळ्यात कडक भाकरी मोडवत नाही. बँकेच्या मशीनवर अंगठा लागत नाही, म्हणून दोनदा परत आलोय. हयातीचा दाखला द्यायला गेलेला जिवंत माणूस. धाकटा भाऊ लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. सुट्टीनंतर कामावर गेला की त्याची छाती जास्त भरायची. सुताच्या धुळीचा आजार तो, बायसिनोसिस. त्या वेळच्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता, सरकारला कळवलाच पाहिजे अशा रोगांमध्ये. पण कळवणार कुणाचा? भावाचं नाव कुठल्या रजिस्टरलाच नव्हतं. रजिस्टरला नाही म्हणजे लूमवर नाही, लूमवर नाही म्हणजे धूळ नाही. गेला तेव्हा कारण लिहिलं, हृदय बंद पडल्याने. ते सगळ्यांचंच पडतं.

१९९७ मध्ये केंद्र सरकारने ७० अझो रंगांवर बंदी घातली. चांगलं केलं, त्यांच्यातून कॅन्सर करणारी द्रव्यं सुटतात. पण जर्मनीने आधी घातली होती, हे विसरू नका. तिकडच्या गिऱ्हाइकाने टॉवेलने तोंड पुसायचं म्हणून तो तपासून जातो, त्याला सर्टिफिकेट लागतं. तो टॉवेल ज्या पाण्यात खळबळला, ते आमच्या दारातून जातं, त्याला काही लागत नाही. २००५ पासून सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. नाल्यालाही मिळू शकेल, असा रंग दुसरीकडे कुठे मिळायचा नाही.

कायद्याचं तर बोलायलाच नको. १९८६ च्या पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. कुणी आत गेलेला मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही. २०२३ मध्ये तीही काढली, आता दहा हजार ते पंधरा लाख दंड. कायद्याचं नाव काय, तर जनविश्वास! त्यातला जन नेमका कोण, हे एकदा सांगा. बारक्या मालकाला दहा हजार म्हणजे वीजबिलाहून कमी.

सरकारच्या हातून काही होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १५ जून २०२३ ला साखर कारखान्याची चिमणी पडताना अख्खं सोलापूर गच्चीवर होतं. एवढं मोठं धूड काही सेकंदांत खाली. विमानाच्या वाटेत येत होती. विमान उडायला पुढे दोन वर्षं लागली, ते असो. तेव्हा फौजफाटा, इंजिनिअर, परवानग्या, सगळं मिळालं. आमच्या फुप्फुसांवरून विमान जात नाही, हाच आमचा दोष.

मागणी काय, असं विचाराल. डाइंग बंद करा, असं मी म्हणत नाही. निम्मा पूर्व भाग त्यावर जेवतो, मीही जेवलोय. तिरुपूरला २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो डाइंग बंद केले, मग कुठे तिथे पाणी आणि मीठ परत काढून वापरणारे सामायिक प्रकल्प नीट चालू लागले. कोर्टाच्या दणक्याआधी तसा एक इथे बांधा. चार हौदवाल्याला तो एकट्याने झेपणारा नाही, त्याला तेवढेच पैसे असते तर त्याने मला मास्क दिला असता. तपासणी पहाटे तीनला, न सांगता. बोअरचा रिपोर्ट आमच्या दारावर चिकटवा. डाइंगमधल्या पोरांची छाती वर्षातून एकदा तपासा. एवढंच होतं खरं तर, पत्र उगाच लांबलं.

पहाटे कुठे यायचं, ते मी दाखवतो. कुणाचा व्हॉल्व्ह कुठे आहे, ते मला अंधारातही सापडतं.

आपला,
एक निवृत्त रंगमास्तर,
पूर्व भाग, सोलापूर

ता.क. बाटली पाठवणार होतो. पोस्टात द्रव घेत नाहीत म्हणाले, म्हणून शर्ट पाठवतोय. बघून झाला की शनिवारच्या आत परत पाठवा. तिच्याकडे पांढरा एकच आहे.