जाहीर आभार, आमच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या मॅडमचे

सोलापूर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "लहानपणी तुमच्या दोघांपैकी कुणाला झोपेत अंथरूण ओलं व्हायचा त्रास होता का?" बायको 'नाही' म्हणून मोकळी झाली. मी भिंतीवरचं महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र वाचत बसलो. तीनदा वाचून झाल्यावर तोंडातून निघालं, "मला होता. अकराव्या वर्षापर्यंत." बारा वर्षांच्या संसारात बायकोलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. आणि नऊ वर्षांचा लेक मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. तोवर तो फरशी मोजत होता.

आठवड्यातून चार-पाच रात्री लेकाचं अंथरूण ओलं. सोलापुरात वाळत घातलेल्या चादरीचं कुणाला काय कौतुक, पण आमच्या गच्चीवर रोज तीच एक, निळ्या चौकटीची. तिळगुळाचे लाडू झाले, ओवा झाला, दृष्ट काढून झाली, रात्री दोनला उठवून पेंगतच मोरीत उभं करून झालं. "आळशीपणा आहे, दोन ठेवून द्या," असंही एकाने सुनावलं. लाज वाटते सांगायला, एकदा मी ठेवूनही दिली. मला मिळायची तशीच.

तुम्ही म्हणालात, आईवडिलांपैकी एकाला असेल तर साधारण ४४ टक्के मुलांना होतो, दोघांना असेल तर ७७ टक्के. म्हणजे मी त्याला माझ्याच वारशाबद्दल मारलं होतं.

सुई काढण्याआधी तुम्ही आम्हाला बालरोगतज्ज्ञांकडे पिटाळलंत. लघवीत साखर नाही, जंतुसंसर्ग नाही, हे कळेपर्यंत हात लावणार नाही म्हणालात. मग चौकशी शौचाची! तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही आणि भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं, हे आमच्या गावीही नव्हतं. झोपेत लघवी कमी बनवणारं संप्रेरक काही मुलांत रात्री पुरेसं तयार होत नाही, आणि झोप इतकी गाढ की आतून आलेली हाक ऐकूच जात नाही, हेही तुम्ही त्यालाच समोर बसवून सांगितलंत. आम्हाला नाही, त्याला.

सुई बघून तो दाराशी पळाला. तुम्ही मला म्हणालात, "बाबा, पँट वर करा." आतल्या घोट्यापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडामागे केसासारखी सुई गेली. टोचल्याचं कळलं नाही, पण थोड्या वेळाने पावलात मुंग्या आल्या. "इथली नस आणि मूत्राशयाची नस मणक्यात एकाच ठिकाणी जाऊन मिळतात," तुम्ही म्हणालात. मूत्ररोगतज्ज्ञही वारंवार घाईची लघवी होणाऱ्यांना जवळपास ह्याच जागी सुईतून हलका विद्युतप्रवाह देतात, अर्धा तास, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. मी ओरडलो नाही हे पाहून लेक स्वतःहून टेबलावर चढला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना कळावी म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय. तुम्ही सुईची फुशारकी मारली नाहीत. दरवर्षी अशी १५ टक्के मुलं आपोआप कोरडी होतात, मुलांच्या बाबतीत अ‍ॅक्युपंक्चरचा पुरावा अजून कच्चा आहे, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी दिलेला, ओल लागताच वाजून मुलाला उठवणारा अलार्म बंद करायचा नाही, असं बजावलंत. स्वतःच्या दुकानात बसून असं बोलणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

भैया चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक बघून वाटायचं, ही सुईची विद्या त्यांनीच आणली असणार. तुम्ही हसलात. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले कोटणीस शल्यचिकित्सक होते. सुया शिकून आले ते त्याच पथकातले डॉ. बसू, तेही पुढे बऱ्याच वर्षांनी. सोलापूरकर म्हणून थोडा हिरमुसलोच.

आता हिशेब. बायको कोरड्या रात्रीसाठी कॅलेंडरवर एक टिकली चिकटवते. पहिल्या महिन्यात नऊ, चौथ्यात सव्वीस. सुईने, अलार्मने, पोट साफ झाल्याने की वयाने, मला ठाऊक नाही.

घरात हा विषय उघड झाल्यावर आई एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या वडिलांचंही असंच होतं म्हणे. सासूबाईंनी सांगितलं होतं मला." एवढी वर्षं घरात कुणी तोंड उघडलं नव्हतं! मग खाली मान घालून तिने स्वतःचंही सांगितलं: खोकला आला, शिंक आली की लुगडं ओलं होतं, म्हणून ती लग्नकार्याला जायची थांबली होती. आम्हाला वाटायचं, गुडघे दुखतात.

ह्या प्रकारावर चीनमधल्या ५०४ बायकांवर झालेल्या अभ्यासाबद्दल तुम्ही मागे बोलला होतात, सहा आठवड्यांत १८ बैठका, कंबरेखाली विजेच्या सुया. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून घेतो. मंगळवारी साडेपाचला तिला घेऊन येतोय. नातू म्हणतोय, आजीच्या आधी सुई तो टोचून घेणार, म्हणजे ती घाबरणार नाही.

आपला,
त्याचा बाबा