अण्णांच्या वहीतील न खोडलेल्या ओळी : ग्रामविकास व पंचायतराज मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
ग्रामविकास व पंचायतराज खाते,
कर्नाटक सरकार, बंगळूर

महोदय,

सादर नमस्कार.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या ग्रामपंचायत ग्रंथालयाचे ग्रंथपाल गेल्या महिन्यात वारले. सरकारी कागदांत त्यांचे पद ‘मेल्विचारक’, म्हणजे पर्यवेक्षक, असे लिहिलेले असे. गाव त्यांना अण्णा म्हणे. हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच मानाने चालतो, त्यामुळे आमच्या मिश्र वस्तीत त्यांना हाक मारताना कोणालाही भाषा बदलावी लागली नाही. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या मुलाने ग्रंथालयाच्या किल्ल्या पंचायतीत जमा केल्या आणि एक जुनी, कापडी पाठीची वही माझ्या हाती दिली. तिच्याविषयीच आपल्याला लिहायचे आहे.

ही ग्रंथालयाची दाखलवही किंवा देवघेवीची नोंदवही नव्हे. त्या दोन्ही कपाटात व्यवस्थित आहेत. वाचकाने मागितलेले पण ग्रंथालयात नसलेले पुस्तक अण्णा या तिसऱ्या वहीत लिहून ठेवत. तारीख, वाचकाचे नाव आणि पुस्तकाचे नाव त्यात असे. पुस्तकाचे नाव वाचकाला सांगता आले नाही, तर ‘दुभत्या म्हशीच्या आजारांवर काहीतरी’ किंवा ‘मागच्या वेळी नेले त्याच लेखकाचे दुसरे’ असे त्याच्याच शब्दांत लिहिलेले असे. पुस्तक मिळाले की त्या ओळीवर तांबडी रेघ येई. सुरुवातीच्या पानांवर तांबड्या रेघा दाट आहेत आणि शेवटच्या पानांकडे त्या विरळ होत जातात. वाचक थकले म्हणून असे झाले नाही, कारण मागण्या अखेरपर्यंत तितक्याच आहेत. वरून येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मराठी पुस्तके कमी होत गेली आणि अण्णांचे पायही थकत गेले.

त्या तांबड्या रेघांमागे अण्णांची पायपीट होती. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून चालत आले आहे. अण्णा स्वतःच्या खर्चाने तिथले सभासद झाले होते, आणि बसने जाऊन तिथून आणलेले पुस्तक स्वतःच्या जबाबदारीवर गावातल्या वाचकाला देत. हिवाळ्यात कडोली, उचगाव, बेळगुंदी यांसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात आणि सकाळी ग्रंथदिंडी निघते. दिंडीनंतर अण्णा हमखास पुस्तकांच्या मांडवात सापडत, हातात ही वही आणि कापडी पिशवी. २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशांतून घेतलेली पुस्तके दोन गोणपाटांत बांधून बसच्या टपावरून आणली होती. ती उतरवून घ्यायला आम्ही मुले गेलो होतो. पहिले पुस्तक मला त्याच दिवशी मिळाले, म्हणून तो दिवस मला नेमका आठवतो.

आमच्या भागातला पाऊस आपण जाणता. चार महिने भिंती ओल्या असतात, कागदाला बुरशी धरते आणि कसर बांधणीची खळ खाऊन टाकते. वेखंडाच्या पुरचुंड्या आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला अण्णा दर ज्येष्ठात कपाटांच्या फळ्यांवर ठेवत, आणि पाऊस सरला की पुस्तके बाहेर काढून सावलीतच वाऱ्याला लावत, कारण उन्हाने कागद ठिसूळ होतो हे त्यांनी हाताने पारखलेले होते. पाने सुटलेल्या पुस्तकांची बांधणी ते घरी करत. या कामासाठी कोणताही भत्ता नव्हता आणि त्यांनी तो कधी मागितलाही नाही.

संध्याकाळी दूध घालून परतणारी माणसे ग्रंथालयाच्या पायरीवर थांबत, ती नेहमी पुस्तकासाठीच थांबत असे नाही. आमच्याकडील अनेक वडीलधाऱ्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले. जमिनीचा पहाणी उतारा, पंचायतीची नोटीस किंवा बँकेचे पत्र मात्र कन्नडमध्ये येते. अण्णा ते कागद आधी मोठ्याने कन्नडमध्ये वाचत, मग मराठीत समजावत आणि शेवटी उत्तर कन्नडमध्ये लिहून देत. गावात नव्याने राहायला आलेल्या कन्नड कुटुंबांच्या मुलांसाठी त्यांनी खालच्या फळीवर कन्नड गोष्टींची पुस्तके वेगळी लावली होती, आणि त्यातले एखादे मिळाले नाही तर तेही याच वहीत, कन्नड लिपीत, नोंदवले होते. सीमाभागातल्या ग्रंथपालाने कसे असावे याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

महोदय, राज्यघटनेच्या कलम ३५०अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायची असते, आणि आपले सरकार आमच्या तालुक्यात मराठी प्राथमिक शाळा चालवते. जे सरकार मुलाला मराठी वाचायला शिकवते, त्याच सरकारच्या ग्रंथालयात त्या मुलाला पाठ्यपुस्तकानंतरचे मराठी पुस्तक मिळू नये, ही विसंगती मला समजत नाही. १९६५ च्या ग्रंथालय कायद्यानुसार घरपट्टीच्या दर रुपयामागे ६ पैसे ग्रंथालय उपकर म्हणून वसूल होतात. तो आम्हीही भरतो आणि आनंदाने भरतो. ग्रामपंचायतींची ग्रंथालये २०१९ पासून आपल्या खात्याकडे आली आहेत, म्हणून हे गाऱ्हाणे मी आपल्याच दारात आणले आहे. बंगळूरमध्येच अखेरची वर्षे घालवलेल्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम घालून दिले, त्यातला दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगतो. वाचकाची भाषा कोणती असावी, अशी अट त्यात नाही.

कन्नड पुस्तके कमी घ्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही, आणि सीमाप्रश्नाचा जो वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे त्याच्याशीही या पत्राचा संबंध नाही. माझी विनंती एवढीच आहे की, अण्णांच्या जागी नेमणूक करताना मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा सहज वाचणारी व लिहिणारी व्यक्ती घ्यावी. अशी मुले-मुली आता गावागावांत आहेत, पण नेमणुकीच्या अटींत मराठीचा उल्लेख नसेल तर त्यांच्या या जाणकारीला किंमत राहत नाही. पुस्तके निवडताना गावच्या वाचकांनी काय मागितले, हे विचारण्याची पद्धत सुरू व्हावी. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, प्रत्येक ग्रंथालयात अशी एक वही ठेवली तरी पुरे. आणि ग्रंथालय बंद आहे म्हणून इथली जुनी मराठी पुस्तके जीर्ण ठरवून रद्दीत काढण्याचा किंवा दुसरीकडे हलवण्याचा विचार कोणी करत असेल, तर तो कृपया थांबवावा. आमच्या शेजारच्या एका गावात तसे घडले आहे. तिथल्या बांधलेल्या मासिकांचे अंक पुढे आठवडी बाजारात भजी बांधायला वापरलेले मी पाहिले.

वहीच्या शेवटच्या पानावर अकरा ओळी खोडायच्या राहिल्या आहेत. त्यांतल्या चार स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या आहेत, एक रताळ्यावरील किडीच्या माहितीची आहे आणि एक मोठ्या अक्षरातल्या ज्ञानेश्वरीची, एका आजींसाठी. अगदी खालची ओळ सातवीतल्या एका मुलीची आहे. तिने आकाशातील ताऱ्यांवरचे, चित्रे असलेले मराठी पुस्तक मागितले होते. ती मुलगी परवा मला दूध डेअरीपाशी भेटली आणि ग्रंथालय कधी उघडणार, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

या अकरा ओळींची नक्कल पत्रासोबत जोडली आहे. ज्येष्ठ लागायच्या आत कपाटे उघडून फळ्यांवर पाला ठेवायला हवा. नेमणूक होईपर्यंत किल्ल्या आम्हा वाचकांकडे देण्याचा आदेश पंचायतीला झाला, तर ते काम आम्ही करू.

आपला नम्र,
ग्रंथालयाचा एक वाचक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव