गोळीचे पैसे परत नकोत, दुष्परिणामाची नोंद हवी

दि. ८ जुलै २०२५
सातारा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व औषध सुरक्षा विभाग

विषय : गोचीड-पिसू प्रतिबंधक गोळीनंतर लहान जातीच्या कुत्रीला आलेले झटके आणि त्याबाबतच्या तक्रारीची चुकीची नोंद

संदर्भ : १) १७ जून २०२५ रोजी आपल्या टोल-फ्री क्रमांकावर केलेली तक्रार. २) आपला २४ जून २०२५ चा ई-मेल.

महोदय,

आपल्या २४ जूनच्या ई-मेलमध्ये गोळीची पूर्ण किंमत परत करण्याची तयारी आपण दाखवली आहे आणि त्यासाठी माझ्या बँक खात्याचा तपशील मागितला आहे. तो मी पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही. मी फोन केला तो पैशांसाठी नव्हता. आपले औषध दिल्यानंतर माझ्या कुत्रीला झटके आले हे आपल्याला कळावे आणि दुष्परिणाम म्हणून त्याची रीतसर नोंद व्हावी, एवढ्यासाठीच होता. ई-मेलसोबत आलेल्या अर्जात परतीच्या कारणाचे चार पर्याय छापलेले आहेत : वेष्टन फाटलेले, मुदत संपलेली, जनावराने गोळी खाल्ली नाही आणि इतर. माझी तक्रार ‘इतर’मध्ये घातलेली आहे. गोळी तिने खाल्ली, आवडीने खाल्ली; अडचण त्यानंतरची आहे.

झाले ते असे. ठमी ही आमची आखूड केसांची डॅशहुंड जातीची, साडेसहा वर्षांची कुत्री. आमच्या गल्लीत मे महिन्यात दोन कुत्र्यांना गोचीड ताप झाला, त्यामुळे पावसाळा सुरू होण्याआधी तिला काहीतरी संरक्षण द्यावे असे आमच्या पशुवैद्यकांनी सुचवले आणि त्यांच्याच चिठ्ठीवर आम्ही औषधाच्या दुकानातून आपली फ्लुरालॅनरची चघळण्याची गोळी घेतली. साडेचार ते दहा किलो वजनाच्या कुत्र्यांसाठीची, २५० मिलीग्रॅमची, बारा आठवडे परिणाम टिकणारी अशी ही गोळी शनिवारी, १४ जूनला सकाळी जेवणाबरोबर दिली. रविवारी संध्याकाळी ठमीचे मागचे पाय लटपटू लागले. डॅशहुंडची पाठ लांब आणि पाय आखूड असल्याने पाठीच्या मणक्याचे दुखणे या जातीला नेहमीचे. आम्हालाही आधी तेच वाटले आणि तिला सोफ्यावर चढू न देण्यापलीकडे आम्ही काही केले नाही. सोमवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी ती एका कुशीवर पडली, चारही पाय ताठ होऊन झटके देऊ लागले, तोंडातून फेस आला आणि अंथरूण ओले झाले. घड्याळाकडे बघण्याचे भान माझ्या मुलाला राहिले म्हणून सांगता येते, हा प्रकार सुमारे दीड मिनिट चालला. त्यानंतर जवळजवळ अर्धा तास ती भिंतीला डोके लावून उभी होती आणि हाक मारली तरी ओळख देत नव्हती.

सकाळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुसरा झटका आला, तो शिरेतून डायझेपाम दिल्यावर थांबला. लहान कुत्र्यांत रक्तातील साखर उतरूनही झटके येतात, म्हणून डॉक्टरांनी आधी साखर तपासली, मग कॅल्शियम, मग काचपट्टीवर रक्त घेऊन गोचीड तापाचे जंतू. काहीही सापडले नाही. तेव्हापासून ठमीला लेव्हेटिरासेटाम हे झटके रोखणारे औषध दर आठ तासांनी सुरू आहे; सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा, असे तीन गजर आमच्या घरात वाजतात. २३ जूनला आणखी एक छोटा झटका आला. त्यानंतर आजपर्यंत नाही.

एक गोष्ट मी लपवत नाही. ठमी दीड वर्षाची असताना दिवाळीत शेजारी लवंगी माळ लागली त्या रात्री तिला एकदा असाच झटका आला होता. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले होते. घाबरली असेल असे ठरले, पुन्हा कधी झाले नाही आणि तो कागदही आता सापडत नाही. या वेळी गोळी घेताना हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आमच्याही लक्षात आले नाही. आपले औषधच कारण आहे असा माझा दावा नाही. आमच्या डॉक्टरांनीही प्रमाणपत्रात औषधाशी संबंध ‘शक्य’ असल्याचे लिहिले आहे, ‘सिद्ध’ असे लिहिलेले नाही, आणि मला तो शब्द मान्य आहे. पण शक्य असलेली गोष्ट नोंदवायचीच नसेल तर ती सिद्ध किंवा असिद्ध कधी आणि कोणी करायची, हे मला कळत नाही.

टोल-फ्री क्रमांकावरील आपल्या प्रतिनिधींनी मला तीन वेळा सांगितले की हे औषध पूर्ण सुरक्षित असून झटक्यांचा त्याच्याशी संबंध असू शकत नाही. हे विधान चुकीचे आहे. फ्लुरालॅनर ज्या आयसॉक्साझोलिन वर्गात येते, त्या वर्गातील औषधांमुळे काही कुत्र्या-मांजरांत स्नायूंची थरथर, तोल जाणे आणि झटके असे मज्जासंस्थेचे दुष्परिणाम दिसू शकतात, आणि पूर्वी कधीही झटके न आलेल्या जनावरांतही ते दिसू शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीरपणे दिलेली आहे. बहुसंख्य जनावरांसाठी ही औषधे सुरक्षित असल्याचेही त्याच सूचनेत म्हटले आहे आणि तेही मी इथे मुद्दाम लिहिते आहे. हे औषध गोचिडीच्या चेतापेशींतील क्लोराइडचे मार्ग बंद करून तिला मारते. सस्तन प्राण्यांत तेच मार्ग या औषधाला कितीतरी कमी दाद देतात, म्हणून कुत्रा वाचतो आणि गोचीड मरते. दाद कमी देणे म्हणजे मुळीच न देणे नव्हे. विशेष म्हणजे हा इशारा आपल्याच माहितीपत्रकात आहे! पूर्वी झटके आलेल्या कुत्र्यांत जपून वापरावे, असे शेवटच्या घडीत, भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या इंग्रजी अक्षरांत छापलेले आहे. ते पत्रक खोक्याच्या आत असते, म्हणजे बिल झाल्यानंतर आणि खोके फोडल्यानंतरच हाती येते. खोक्यावर बाहेरून त्याचा मागमूस नाही.

आता लहान कुत्र्यांचा मुद्दा, कारण माझ्या फोनमधला हाच भाग आपल्या नोंदीतून पूर्ण गळालेला दिसतो. दवाखान्याच्या काट्यावर ठमीचे वजन ४.८ किलो भरले. म्हणजे २५० मिलीग्रॅमच्या गोळीतून तिला दर किलोमागे सुमारे ५२ मिलीग्रॅम औषध मिळाले, तर त्याच गोळीतून दहा किलोच्या कुत्र्याला २५ मिळते. दोन्ही आकडे आपण छापलेल्या २५ ते ५६ या मर्यादेत आहेत, तेव्हा जास्त मात्रा दिली गेली असा माझा आरोप नाही. याच्या पाचपट मात्रेपर्यंत चाचण्या झालेल्या आहेत हेही मला माहीत आहे, परंतु त्या निरोगी पिल्लांवरच्या आहेत, लहानपणी एकदा झटका येऊन गेलेल्या ठमीसारख्या कुत्रीवरच्या नाहीत. माझे म्हणणे वेगळे आहे. ठमी ४.४ किलोची असती तर ती खालच्या वजनगटात बसली असती, तिला ११२.५ मिलीग्रॅमची गोळी मिळाली असती आणि मात्रा किलोमागे सव्वीसच्याही आत राहिली असती. चारशे ग्रॅमच्या फरकाने मात्रा दुप्पट होते. मोठ्या कुत्र्यांच्या वजनगटांच्या सीमेवरही असेच घडते, हे खरे; पण पस्तीस किलोच्या लॅब्रॅडॉरच्या वजनात चारशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तर सहसा गोळी बदलत नाही. आमच्यासारख्या घरांत लहान कुत्र्याचे वजन कसे होते तर आधी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग एकटे उभे राहायचे आणि वजाबाकी करायची. ठमीचे वजन या पद्धतीने आमच्या काट्यावर एका आठवड्यात ४.४ पासून ४.९ पर्यंत काहीही आले आहे. ज्या कुत्र्याची मात्रा काट्याच्या चुकीवर दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते, त्याच्या मालकाला ‘दवाखान्याच्या काट्यावर वजन करून घ्या’ एवढे एक वाक्य खोक्यावर मराठीतून आणि हिंदीतून मिळायला हवे होते.

शिवाय हे औषध दिल्यावर मागे घेता येत नाही. कातडीवर सोडायच्या थेंबांच्या औषधाने त्रास झाला तर निदान अंघोळ घालता येते. ही गोळी मात्र रक्तात उतरली की काही आठवडे हळूहळूच बाहेर पडते आणि तिच्यावर नेमका असा उतारा उपलब्ध नाही. बारा आठवड्यांचा परिणाम ही आपल्या जाहिरातीतील सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. आमच्या घरी सध्या त्याच बारा आठवड्यांचे दिवस मोजले जात आहेत आणि ते ६ सप्टेंबरला पूर्ण होतील.

नोंदीचा मी इतका आग्रह का धरते, तेही सांगते. अमेरिकेत १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या लसीकरणाच्या दवाखान्यांतील नोंदी तपासून २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रा जितका लहान तितका लसीनंतरच्या त्रासाचा धोका जास्त, आणि डॅशहुंड व पग या जाती त्यात वरच्या क्रमांकावर, असे त्यातून दिसले. ती लस होती आणि ही गोळी आहे, दोन्हींची गल्लत मी करत नाही. मुद्दा एवढाच की प्रत्येक कुत्र्याची जात आणि वजन कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून ही गोष्ट कळली. आपल्या अर्जात जातीचा रकाना नाही, वजनाचा नाही, गोळी आणि पहिले लक्षण यांत किती तास गेले याचाही नाही. दुकानाचा पिनकोड मात्र दोनदा विचारला आहे. जनावरांच्या औषधाचे परिणाम कोणी मोजत नसले की काय होते, हे आपल्या देशाने गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या बाबतीत पाहिलेले आहे. २००६ मध्ये त्या वापरावर बंदी आली तोवर अशी मेलेली गुरे खाऊन बहुतेक गिधाडे संपली होती.

माणसांच्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून आहे आणि त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. जनावराच्या मालकाच्या हाती मात्र प्रत्यक्षात खोक्यावरचा टोल-फ्री क्रमांक तेवढा असतो, म्हणून त्या क्रमांकावर बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी वाढते. अमेरिकेत गंभीर आणि माहितीपत्रकात नसलेला दुष्परिणाम कळल्यापासून कामाच्या १५ दिवसांत कंपनीने तो शासनाला कळवावा लागतो. इथे मी कळवून तीन आठवडे झाले आणि मला मिळाला तो परतीचा अर्ज.

तरी माझी तक्रार ‘परतावा’ या सदरातून काढून संशयित दुष्परिणाम म्हणून नोंदवावी, तिचा क्रमांक मला लेखी द्यावा आणि आपल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी आमच्या डॉक्टरांशी थेट बोलून झटक्यांचा तपशील घ्यावा. याच बॅचच्या गोळ्यांबाबत अशी दुसरी तक्रार आली आहे का, हे कळवावे. झटक्यांचा इशारा आणि वजनाबाबतची सूचना खोक्याच्या बाहेर, वाचता येईल अशा मराठी व हिंदी अक्षरांत कधीपासून छापणार, याचेही उत्तर हवे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० जनावरांच्या औषधांनाही लागू आहे, त्यामुळे हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपले उत्तर न आल्यास याच कागदांची प्रत मी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे देईन. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार आज तरी नाही, कारण तिथे प्रश्न पुन्हा पैशांवरच येईल.

आपण देऊ केलेली दुसरी गोळी, ठमीसाठी ‘सदिच्छा भेट’ म्हणून, कुरिअरने १ जुलैला आली. ती न फोडता या पत्रासोबत परत पाठवत आहे.

आपली,
तक्रारदार ग्राहक

सोबत : खरेदीच्या बिलाची आणि बॅच क्रमांक दिसणाऱ्या खोक्याची झेरॉक्स, पशुवैद्यकांचे प्रमाणपत्र, रक्ततपासणीचे अहवाल, १५ जूनपासूनच्या लक्षणांची वेळेनुसार नोंद (दोन पाने), न फोडलेली गोळी एक.