माधवास पत्र : चिठ्ठीवरची तीन नावे

सदाशिव पेठ, पुणे
शुक्रवार, रात्र

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि तेव्हापासून दोन वेळा लिहायला बसून उठलो, कारण घाईने उत्तर द्यावे असा हा विषय नाही. पत्रासोबत तू पेन क्लिनिकच्या चिठ्ठीची आणि रक्ताच्या तपासण्यांची झेरॉक्स पाठवलीस हे फार चांगले केलेस. नुसत्या वर्णनावरून मला काहीच सांगता आले नसते. तुझ्या कमरेच्या दुखण्यासाठी चिठ्ठीवर ट्रामाडोल, टॅपेंटाडोल आणि ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) अशी तीन वेदनाशामकांची नावे लिहून डॉक्टरांनी ‘विचार करून या’ असे सांगितले, आणि तू मला विचारतोस की यांतले सर्वांत जोरदार कोणते आणि सवय न लावणारे कोणते. छत्तीस वर्षे नारायण पेठेत औषधांचे दुकान चालवताना हेच दोन प्रश्न मी शेकडो वेळा ऐकले. मी डॉक्टर नाही, आणि निर्णय त्यांच्यासमोर बसूनच व्हायचा आहे. पण तिथे गेल्यावर तू काय विचारावेस आणि माझे मन कुठे झुकते, हे तुझ्यापाशी मोकळेपणाने लिहितो.

सवय न लावणारे यांत एकही नाही. तिन्ही औषधे अफूच्या कुळातली आहेत. मेंदूत आणि मज्जारज्जूत मॉर्फिन ज्या ठिकाणी जाऊन बसते तिथेच तीही बसतात. जोराचे म्हणशील, तर तुझ्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्याला लागेल तेवढा जोर मात्रा बेताने वाढवत तिन्हींतून मिळू शकतो. खरा फरक पडतो तो औषध शरीरातून कोणत्या वाटेने बाहेर जाते आणि आधीच्या गोळ्यांशी त्याचे कसे जमते, यात. म्हणून मी चिठ्ठी बाजूला ठेवून आधी तुझे रिपोर्ट वाचले. क्रिएटिनिन २.१ आहे, म्हणजे ६९ व्या वर्षी तुझ्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३३ मिलिलिटरच्या आसपास येते. वहिनी गेल्यापासून तू नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटिन घेतोस. रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम घेतोस. आणि तुझे घोरणे, मध्येच श्वास अडकल्यासारखे थांबणे, हे मला हॉस्टेलच्या दिवसांपासून माहीत आहे. तुझी निवड या चार गोष्टींवर ठरावी असे मला वाटते.

ट्रामाडोल आपल्याकडे इतक्या सहजपणे लिहिले जाते की लोकांना ते क्रोसिनचे थोरले भावंड वाटते. २०१४ पासून ते एच-वन यादीत आहे, म्हणजे दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. पण तुझ्या बाबतीत माझी हरकत वेगळीच आहे. ट्रामाडोल पोटात गेल्यावर यकृतातले एक विशिष्ट विकर (एन्झाइम) त्याचे रूपांतर करते आणि वेदना शमवण्याचे बरेचसे काम ते बदललेले रूप करते. फ्लुऑक्सेटिन नेमके हेच विकर अडवते. म्हणजे तुला आराम कमी मिळण्याची शक्यता आहे. आणि त्याच वेळी दोन्ही औषधे मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन वाढवत असल्यामुळे हातपाय थरथरणे, दरदरून घाम, ताप, भ्रम आणि क्वचित आकडी येण्याचा धोका मात्र वाढतो. त्यात मूत्रपिंडे मंद असल्याने औषध शरीरात रेंगाळणार. एरवी याची दिवसाची कमाल मात्रा ४०० मिलिग्रॅम धरतात, पण गाळण्याची क्षमता ३० च्या खाली गेली की ती २०० वर आणावी लागते. हे नाव मी तुझ्या यादीतून काढलेच असते.

ट्रामाडोलविषयी मी एवढ्या ठामपणे लिहितो त्याला माझा स्वतःचा अनुभवही कारण आहे, जो मी तुला तेव्हा सांगितला नव्हता. पाच वर्षांपूर्वी मला नागीण झाली, फोड गेले, पण बरगडीवर विस्तवाची रेघ ओढल्यासारखी आग मागे राहिली. आठ महिने मी रोज २०० मिलिग्रॅम ट्रामाडोल घेत होतो आणि आपण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घेतो आहोत, तेव्हा सवयीचा प्रश्न येत नाही, असे स्वतःला समजावत होतो. पुतण्याच्या मुलाच्या मुंजीसाठी गुहागरला गेलो आणि गोळ्यांचे पाकीट पुण्यातच टेबलावर राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी जांभयांवर जांभया, नाक वाहणे, उन्हात बसूनही अंगावर काटा. मला वाटले, समुद्राच्या वाऱ्याने सर्दी झाली. रात्री जुलाब सुरू झाले आणि पाय असे अस्वस्थ झाले की अंथरुणावर ठेवता येईनात. औषधे विकण्यात आयुष्य गेलेल्या मला ते पहाटे तीन वाजता उमगले. पुण्याला परतल्यावर डॉक्टरांना सगळे सांगितले आणि चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने मात्रा उतरवली. हे व्यसन नव्हते. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही औषधाच्या मागे धावतो, मात्रा चोरून वाढवतो. माझ्या शरीराला केवळ सवय झाली होती आणि ती रोज घेणाऱ्या कुणालाही होते. तुला हा फरक आधीच माहीत असावा, म्हणजे उद्या अशी लक्षणे दिसली तर तू लाजून ती लपवणार नाहीस.

टॅपेंटाडोलला त्या विकराची गरज लागत नाही, ते स्वतःच काम करते. शिवाय नॉरॲड्रिनॅलिन या मज्जातंतूंतल्या रसायनावर त्याचा परिणाम असल्यामुळे नसांच्या दुखण्यात ते उपयोगी पडते, आणि तुझी कमरेतून पोटरीत उतरणारी चमक नसेचीच आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये त्याच्या लांब पल्ल्याच्या गोळीला मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. सेरोटोनिनचा धोका ट्रामाडोलइतका नसला तरी फ्लुऑक्सेटिनसोबत घेताना सावध राहण्याची सूचना त्याच्याही माहितीपत्रकात असते. माझी अडचण मूत्रपिंडांची आहे. क्षमता ३० च्या खाली गेल्यास हे औषध देऊ नये असे मानतात, आणि तू ३३ वर उभा आहेस. एप्रिलमध्ये दोन दिवस उलट्या-जुलाब झाले तरी तू त्या रेषेच्या खाली जाशील. आणि सांगायलाच हवे, मागच्या महिन्यात तू साताऱ्यात डायक्लोफेनॅकची दोन इंजेक्शने घेतलीस, ती पुन्हा घेऊ नकोस. कमरेसाठी ती बरी वाटतात, पण तुझ्या मूत्रपिंडांना परवडणारी नाहीत.

राहिला पॅच. ब्युप्रेनॉर्फिनची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावते, त्यामुळे मूत्रपिंडे मंद असली तरी मात्रा सहसा बदलावी लागत नाही. तुझ्यासाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दुसरे असे की श्वास मंदावण्याचा त्याचा परिणाम एका मर्यादेनंतर फारसा वाढत नाही. मात्र ही मर्यादा औषध एकटे असताना धरायची. रात्रीची क्लोनाझेपाम किंवा दारू जोडीला आली की तिच्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे पॅच सुरू करण्याआधी क्लोनाझेपाम हळूहळू कमी करता येईल का आणि झोपेतल्या श्वासाची तपासणी करावी का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना सर्वांत आधी विचार. क्लोनाझेपामही एकदम बंद करायची नसते, हे तुला ठाऊक असेलच.

सुरुवात तासाला ५ मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे सर्वांत लहान पॅचने व्हावी. तो सात दिवस राहतो आणि पूर्ण परिणामाला साधारण तीन दिवस लागतात, तेव्हा पहिल्या रात्री आराम पडला नाही म्हणून दुसरा चिकटवू नकोस. दंड, छातीचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग अशी जागा दर वेळी बदलायची आणि एकाच जागी निदान तीन आठवडे परत लावायचा नाही, नाहीतर कातडी लाल होऊन खाजते. तुझी गरम पाण्याची पिशवी मात्र पॅचपासून लांब ठेव. उष्णतेने औषध कातडीतून एकदम जास्त ओढले जाते. अंगात ताप असतानाही तसेच होते. उतरवलेल्या पॅचमध्ये बरेच औषध शिल्लक असते, म्हणून तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि नातवाच्या हाती लागणार नाही असा टाकायचा.

शेजाऱ्यांनी त्यांच्या आईच्या मागे उरलेले पॅच तुला देऊ केले आहेत असे तू लिहिलेस, आणि ते वाचताना माझ्या छातीत धस्स झाले. तू नाव लिहिले आहेस ते फेंटॅनिलचे आहे. दिसायला दोन्ही पॅच सारखेच, पण फेंटॅनिलचा पॅच फक्त अशा रुग्णासाठी असतो ज्याचे शरीर आधीच अफूवर्गीय औषधांना सरावलेले आहे, म्हणजे निदान आठवडाभर रोज ६० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीचे औषध ज्याच्या पोटात जात आहे. तू अजून या वर्गातली एकही गोळी घेतलेली नाहीस. त्या काकूंना ज्याने शांत झोप लागत होती त्याने तुझा श्वास थांबू शकतो. त्यांनी ते आपुलकीने दिले हे खरे, पण कृपा करून ते त्यांना परत कर आणि रुग्णालयात नेऊन द्यायला सांग.

तू मॉर्फिनचेही विचारलेस. त्याचे विघटन झाल्यावर जे पदार्थ तयार होतात ते मूत्रपिंडांवाटे जातात आणि ती थकलेली असतील तर साठत जाऊन गुंगी आणतात, म्हणून तुझ्यासाठी ते नको. मात्र नावाला घाबरून नको म्हणू नकोस. ताईला १९९६ मध्ये कर्करोगाने किती यातना झाल्या हे तू पाहिले आहेस. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले होते. मी स्वतः औषधांच्या धंद्यात असून पुण्यात चार दिवस फिरलो आणि सख्ख्या बहिणीसाठी दहा मिलिग्रॅमची गोळी मिळवू शकलो नाही. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला अफूचे सरकारी कारखाने आहेत, त्या देशात हे घडत होते. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सोपी झाली. ताईला त्याचा उपयोग झाला नाही. तिच्या दुखण्यात मॉर्फिन रोखून धरणे हा अन्याय होता, असे मी आजही म्हणतो. तुझ्या दुखण्याचा हिशेब मात्र निराळा आहे, कारण तुला या औषधासोबत महिने किंवा वर्षे काढायची आहेत.

आणि त्या लांबच्या पल्ल्याविषयी जे माहीत आहे ते तुझ्यापासून लपवणे मला पटत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली, तीत कंबर, गुडघा किंवा खुब्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांना दोन गटांत विभागून वर्षभर पाहिले. एका गटाला अफूवर्गीय औषधे दिली, दुसऱ्याला प्रामुख्याने इतर वेदनाशामके. वर्षाअखेरीस रोजची कामे करण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच होते आणि वेदना दुसऱ्या गटाची किंचित कमीच होती. तुझी वेदना नसेची आहे, पण नसेच्या वेदनेतही ही औषधे पहिल्या पायरीवर येत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांच्या नंतर त्यांचा नंबर लागतो. तुझ्या कागदांत प्रीगॅबालिन पंधरा दिवस देऊन चक्कर आली म्हणून बंद केल्याची नोंद आहे. मूत्रपिंडांच्या मानाने ती मात्राच जास्त नव्हती ना, हे जरूर विचार. कमी मात्रेत ते पुन्हा देऊन पाहता आले तर कदाचित पॅचची गरजच लागणार नाही. दोन्ही एकत्र द्यायचे ठरले, तर श्वासाची काळजी दुप्पट घ्यावी लागेल.

एवढे होऊनही पॅच लावायचे ठरले, तर तो कशासाठी हे आधी लिहून ठेव. ‘दुखणे जावे’ असे लिहू नकोस, कारण ते पूर्ण जाण्याची शक्यता कमी आहे. तू पत्रात लिहिलेस की पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही, म्हणून गेली दोन वर्षे सवाई गंधर्वला आला नाहीस. मग तेच धर: डिसेंबरमध्ये खुर्चीवर बसून एक विलंबित ख्याल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकता यावा. दोन महिन्यांनी बसण्याची मिनिटे वाढली नसतील, तर मात्रा वाढवण्याआधी औषध थांबवण्याचा विचार व्हावा, आणि हे डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत बोलून घे. फार दिवस घेतले असेल तर महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवतात. एकच डॉक्टर, एकच दुकान, आणि औषध कपाटात कुलपाआड, हेही पाळ.

बद्धकोष्ठाबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण माझ्या दुकानात लोकांनी ही औषधे सोडली ती बहुतेक याच कारणाने. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते. आतड्यांना मात्र या औषधांची सवय कधीच होत नाही. नुसत्या इसबगोलाने भागत नाही, पाणी कमी पडले तर उलट आत अडकते. सोनामुखीसारखे आतडे हलवणारे औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून माग. प्रोस्टेटमुळे तुला लघवीला आधीच जोर करावा लागतो, तेही सांग, कारण या औषधांनी लघवी तुंबू शकते. पहिले काही आठवडे स्कूटर चालवू नकोस आणि रात्री उठताना दिवा लाव.

बुधवारी संध्याकाळीच इकडे ये. गुरुवारी सकाळी मी तुझ्याबरोबर क्लिनिकमध्ये येतो. सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक काढ्याच्या बाटलीसकट, एका पिशवीत घालून आण. एस.टी.त मागच्या सीटवर बसू नकोस आणि वाटेत उतरून दोन पावले चाल. स्वारगेटला मी रिक्षा घेऊन उभा असेन, बॅग उचलायची नाही. खालच्या खोलीत तुझ्यासाठी पलंग लावून ठेवला आहे, म्हणजे जिना चढावा लागणार नाही.

तुझा,
वसंता